स्टेफी ग्राफ : आठवणीत राहिलेला एक सामना

जर्मन टेनिसपटू स्टेफी ग्राफने 13 ऑगस्ट 1999 रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती तीस वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत तिसरी होती. ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, 22 एकेरी विजेतेपदे, एकूण 107 स्पर्धांतील विजय आणि 377 आठवडे अव्वल स्थान हे आकडे सर्वांना पाठ आहेत. म्हणून प्रत्येकाने तिचा आपण पाहिलेला एखादाच सामना निवडावा आणि तो का लक्षात राहिला ते लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

1993 ची विम्बल्डनची अंतिम लढत मी दूरदर्शनवर पाहिली. याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये 4-1 अशी पुढे होती, सहाव्या गेममध्ये 40-30 वर सर्व्हिस तिचीच होती, आणि तिथे तिच्या हातून डबल फॉल्ट झाला, म्हणजे सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकले. त्यानंतर स्टेफीने सलग पाच गेम घेऊन सामना जिंकला. ब्रिटिश राजघराण्यातील डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी नोवोत्ना आजही सर्वांना आठवते. मात्र हरत आलेला सामना समोरचीचा हात थरथरू लागेपर्यंत चिवटपणे धरून ठेवणे हेही एक कौशल्यच असते, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

*

माझे वडील मार्टिना नवरातिलोवाचे निस्सीम भक्त होते. 1982 पासून सलग सहा वर्षे तिने विम्बल्डन जिंकले होते. 1988 च्या अंतिम सामन्यातही तिने पहिला सेट 7-5 असा घेतला आणि दुसऱ्यात 2-0 अशी आघाडी घेतली, तेव्हा वडील निवांत झाले. पुढच्या तेरा गेमपैकी बारा स्टेफीने जिंकले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढेच म्हणाले, "या मुलीला दुसरीकडे कुठे लक्षच नाही." त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम आणि सोलचे ऑलिंपिक सुवर्ण तिने मिळवले. तिथे ती पश्चिम जर्मनीकडून खेळली होती, हे आता मुलांना समजावून सांगावे लागते.

*

मी अनेक वर्षे लहान मुलांना टेनिस शिकवत आहे, त्यामुळे एका सामन्याऐवजी तिच्या एका फटक्याविषयी लिहिण्याची मुभा घेते. फोरहँड मारताना चेंडू शरीराच्या पुढे घ्यावा, असे आम्ही शिकवतो. स्टेफी तो बराच उशिरा, जवळजवळ अंगाशी आल्यावर मारत असे, आणि तरीही तिचा फोरहँड त्या काळातील महिला टेनिसमधला सर्वांत भेदक फटका होता. हे तिला जमत होते ते पायांमुळे. बॅकहँडच्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूला वळसा घालून ती फोरहँडने मारू शकत असे, कारण उघडी पडलेली दुसरी बाजू धावून झाकण्याचा तिला भरवसा होता. जिथे वळसा घालणे शक्य नसे तिथे बॅकहँडचा स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून कापत मारलेला फटका. हिरवळीवर तो इतका खाली राहत असे की समोरचीला गुडघे वाकवूनच चेंडू उचलावा लागे. मुले तिचे जुने सामने पाहून येतात आणि तसाच फोरहँड मारून पाहतात. मी त्यांना आधी दोरीवरच्या उड्या मारायला लावते.

*

कामानिमित्त माझे काही वर्षे मानहाइमजवळ वास्तव्य होते. स्टेफीचा जन्म मानहाइमचा आणि बालपण जवळच्या ब्र्यूलचे. टेनिसपटू बोरिस बेकरचे गाव लायमेनही त्याच परिसरात आहे. 1989 मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांत एकेरीचे दोन्ही चषक याच टापूत आले, हे तिथले वयस्कर सहकारी आवर्जून सांगत. करचुकवेगिरीच्या प्रकरणात 1995 मध्ये अटक झालेल्या तिच्या वडिलांचा विषय निघाला की मात्र ते हळू आवाजात बोलत. त्या वर्षी ती फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तिन्ही स्पर्धा जिंकली होती.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मी मोनिका सेलेसचा चाहता होतो. 30 एप्रिल 1993 रोजी हॅम्बुर्गमध्ये स्टेफीच्याच एका वेड्या चाहत्याने सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. तोवर सेलेसच्या नावावर आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे होती आणि ती अव्वल स्थानी होती. दोन वर्षांहून अधिक काळ ती खेळू शकली नाही. त्यात स्टेफीचा काहीही दोष नव्हता, ती सेलेसला भेटायला रुग्णालयात गेलीही होती. पण त्यानंतरची तिची विजेतेपदे मी कधी मोकळ्या मनाने मोजू शकलो नाही. 1995 च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. सेलेसने दुसरा सेट 6-0 असा जिंकला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. तिसरा सेट स्टेफीने 6-3 असा घेतला. माझ्या मनातला हिशेब त्यानेही मिटला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

*

माझी निवड 1999 ची फ्रेंच ओपन. मार्टिना हिंगिस एक सेट आणि 2-0 ने पुढे असताना मातीवर उमटलेल्या चेंडूच्या खुणेवरून वाद घालत जाळी ओलांडून पलीकडे गेली, आणि तिथून पॅरिसचे प्रेक्षक पूर्णपणे स्टेफीचे झाले. दुसऱ्या सेटमध्ये 5-4 वर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करूनही हिंगिसला तो संपवता आला नाही. 4-6, 7-5, 6-2. शेवटी हिंगिस खालून हात फिरवून सर्व्हिस करू लागली, तेव्हा मला तिची दया आली आणि स्टेफीची नाही, याचे मला नंतर नवल वाटले.

*

सगळेच फार गंभीर लिहीत आहेत. 1996 ची विम्बल्डनची उपांत्य लढत, समोर किमिको दाते. स्टेफी सर्व्हिस करण्याच्या तयारीत असताना प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का?" सारे प्रेक्षागृह हसू लागले. ती क्षणभर थांबली आणि तिने उलट विचारले, "तुझ्याकडे पैसे किती आहेत?" मग तिने चेंडू वर फेकला, नेहमीसारखा खूप उंच.