शब्दचर्चा: ‘स्टेपसाइड’ला मराठीत काय म्हणावं? (जुने अमेरिकी पिकअप)

अक्षरजुळारी
जुन्या अमेरिकी पिकअपवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. बेड, टेलगेट, स्टेपसाइड, फ्लीटसाइड, फाइव्ह-विंडो या शब्दांपाशी गाडी अडली. ‘विंटेज’ आणि ‘रेअर’ तर ओळीओळीला पेरलेत. आणि मुळात ‘पिकअप’ तसाच ठेवावा का? आपल्याकडे ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे भलतंच, आणि ‘पिकअप शेड’ म्हणजे एसटीची वाट बघायची जागा.

पत्राफोड
पिकअप तसाच ठेवा. बाजार समितीत भाजी उतरवणाऱ्या प्रत्येकाला तो कळतो. फोर्डने १५ एप्रिल १९२५ला मॉडेल टी गाडी ‘पिकअप बॉडी’सह कारखान्यातूनच विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. त्याआधी लोक नुसती चासी घेऊन गावच्या सुताराकडून मागचा भाग बांधून घेत.

बेड म्हणजे मागचा माल भरायचा हौदा, टेलगेट म्हणजे त्याचा मागे पडणारा फाळका. दोन्ही शब्द आपल्या ट्रक-टेम्पोवाल्यांच्या तोंडी आहेत, नवे घडवायची गरज नाही. फेंडर म्हणजे मडगार्ड, रनिंग बोर्ड म्हणजे फूटबोर्ड. कृपा करून ‘शय्या’ आणि ‘पुच्छद्वार’ नको.

ऱ्हस्वदीर्घ
हौदा की हौद? पाण्याचा हौद वेगळा, हत्तीच्या पाठीवरचा हौदा वेगळा. अरबीतली मुळंही वेगळी, एक ‘हौज’ तर दुसरं ‘हौदज’. सामान्यरूप मात्र दोन्हींचं ‘हौद्या-’ किंवा ‘हौदा-’ असं जवळजवळ येतं, म्हणून लिहिताना गोंधळ होतो. गाडीचा तो हौदा: हौद्यात, हौद्याचा, हौदे. ‘हौदात’ लिहिलंत तर गाडीत पाणी भरलंय असं वाटेल.

पत्राफोड
आता मुख्य मुद्दा. स्टेपसाइड हे प्रकाराचं नाव नाही, शेव्हरलेचं व्यापारी नाव आहे. तोच घाट जीएमसीकडे ‘फेंडरसाइड’, फोर्डकडे ‘फ्लेअरसाइड’, डॉजकडे ‘युटिलाइन’, जीपकडे ‘थ्रिफ्टसाइड’. सपाट बाजूंच्या घाटाला शेव्हरलेने ‘फ्लीटसाइड’ म्हटलं, जीएमसीने ‘वाइडसाइड’, फोर्डने ‘स्टाइलसाइड’, डॉजने ‘स्वेप्टलाइन’, जीपने ‘टाउनसाइड’, इंटरनॅशनलने ‘बोनस-लोड’. म्हणून फोर्डच्या चित्राखाली ‘स्टेपसाइड’ छापणं म्हणजे हिरोच्या गाडीला बजाज म्हणणं.

फरक बांधणीत आहे. जुन्या घाटात हौदा दोन चाकांच्या मधे बसतो, मडगार्ड बाहेरून फुगीर जोडलेले असतात आणि केबिन व मडगार्ड यांच्यामधे पाय ठेवायला पायरी उरते. आतून हौदा पूर्ण चौकोनी, चाकांचे उंचवटे नाहीत. नव्या घाटात बाजूचा पत्रा केबिनच्या रुंदीत सरळ मागे जातो आणि चाक हौद्याच्या आत उंचवटा करून घुसतं. रुंदी मिळते, पण चाकांपाशी ती परत जाते.

सोलापुरी चादर
मग ‘पायरीचा हौदा’ आणि ‘सपाट हौदा’?

पत्राफोड
पहिला चालेल, दुसरा नको. सपाट म्हटलं की तळ सपाट असं वाटतं, आणि खरा सपाट तळ तर पायरीच्या हौद्यातच असतो! ‘सरळ बाजूंचा’ म्हणा. ‘पायरी’ही फक्त हौद्याजवळच्या पायरीसाठी राखा, दाराखालचा तो फूटबोर्ड. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचक हरवेल.

मापही द्या, त्याने घाट कळतो. १९४७ ते ५५च्या पिढीच्या अर्ध्या टनी शेव्हरले ३१००चा हौदा ७८ इंच लांब, ५० इंच रुंद. चार बाय आठ फुटी प्लायवूड रुंदीत आडवं मावतं, लांबीत १८ इंच बाहेर; फाळका पाडावाच लागतो. आणि ‘अर्धा टन’ हा माल वाहायच्या क्षमतेचा वर्ग झाला, गाडीचं वजन नव्हे. भाषांतरात ‘अर्धा टन वजनाचा ट्रक’ असं सर्रास दिसतं.

अक्षरजुळारी
फाइव्ह-विंडोला ‘पाच खिडक्यांची’ लिहिलं, पण चित्रात मोजल्या तर जास्त भरतात.

डिकी-बॉनेट
कारण पुढची काच मोजायची नाही आणि दारातली वाऱ्याची तिकोनी काचही नाही. दोन दारांच्या, एक मागची, आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतल्या दोन वळणदार काचा. झाल्या पाच. कोपऱ्यांत काचा नसल्या की तीच केबिन तीन काचांची. पहिल्यांदा येईल तिथे ‘पाचकाची केबिन (पुढची काच सोडून)’ असं लिहून मोकळे व्हा.

पाचकाचीला भाव जास्त, म्हणून तीनकाचीचे कोपरे कापून पाचकाची बनवतात. ओळखायचं आतून: कोपऱ्यातलं आतलं आच्छादन काढून पत्रा बघा. वेल्डिंगचे ठिपके कारखान्यातल्यासारखे एकसारख्या अंतरावर आहेत, की सलग घासलेला सांधा आणि वर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे? चुंबक फिरवा, जिथे पकड सैल, तिथे लांबी जाड. गंजही आधी इथेच खाली धरतो: चिखल-पाणी कोपऱ्याच्या तळाशी साचतं, बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. म्हणून ‘कॅब कॉर्नर’ला ‘केबिनचा कोपरा’ हाच शब्द ठेवा, दुरुस्तीच्या पत्र्यांच्या यादीत तो सुटा भाग म्हणून येतो.

सोलापुरी चादर
विंटेज?

ऱ्हस्वदीर्घ
मूळ शब्द द्राक्षांच्या हंगामाचा. ब्रिटिश हौशी मंडळी तो १९१९ ते १९३० एवढ्यापुरताच वापरतात. आपल्याकडे २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांची अट आहे. १९५५चा पिकअप एका हिशेबाने विंटेज, दुसऱ्याने नाही. म्हणून सरळ ‘जुना’ लिहून पुढे वर्ष द्यावं. ‘पुरातन’ तर नकोच, ते मंदिराला.

आणि ‘दुर्मीळ’ असं लिहा, मी दीर्घ. सामान्यरूपात ऱ्हस्व: दुर्मिळांची यादी.

पत्राफोड
शुद्धलेखनापेक्षा त्या शब्दाचा अर्थच जास्त ढिला आहे. तीन वेगळ्या गोष्टींना लोक ‘रेअर’ म्हणतात.

एक, मुळातच थोडे बनले. शेव्हरले कॅमिओ कॅरिअर, १९५५ ते ५८: ५,२२०, मग १,४५२, २,२४४ आणि १,४०५. हा सरळ बाजूंच्या घाटाचा पूर्वज, पण फसवा. आत नेहमीचाच पायरीचा अरुंद हौदा आणि त्यावर बाहेरून फायबरग्लासचे पत्रे. (पत्रे म्हणवत नाही, पण ‘पॅनेल’ला दुसरं काय म्हणणार?) बाजूला चुंबक चिकटला तर तो कॅमिओ नव्हे. पहिल्या वर्षीचा रंग एकच, आणि त्याचं नाव ‘बॉम्बे आयव्हरी’, सोबत लाल. या नावाचं भाषांतर करू नये, ‘मुंबई हस्तिदंत’ अजिबात नको.

दोन, घाट एकाच वर्षी निघाला. १९५६चा फोर्ड एफ-१००: कडेला वळलेली पुढची काच त्या केबिनला त्याच वर्षी. त्यात मागची मोठी काच जादा पैसे देऊन मिळे. गाड्या ढीगभर बनल्या, मोठ्या काचेच्या कमी.

तीन, बनले बरेच पण उरले थोडे. कामाची गाडी, मीठ-खत वाहून हौद्याचा पत्रा आणि फळ्या खलास. इथे ‘दुर्मीळ’ऐवजी ‘थोडेच उरलेले’ लिहा.

डिकी-बॉनेट
पहिल्या गटात डॉज स्वेप्टसाइड घाला, १९५७ ते ५९. दोन दारी स्टेशन वॅगनचे मागचे पंखवाले पत्रे आणून पिकअपला जोडले. फाळका त्यांच्यामधे मावेना, तोही कापला. स्टुडबेकर चॅम्पची गंमत उलटी: सरळ बाजूंचा हौदा डॉजच्या साच्यांवरचा, म्हणून केबिनपेक्षा रुंद. चित्रात ठिगळ वाटतं, तरी ती खोटी जोडणी नाही, कारखान्यातलीच आहे.

अक्षरजुळारी
१९६७ ते ७२च्या शेव्हरलेत ‘शॉर्ट बेड’ दुर्मीळ असं सगळेच लिहितात.

पत्राफोड
दुर्मीळ नाही, मागणी जास्त आहे. ‘आखूड हौदा’ साडेसहा फुटी, लांब आठ फुटी. चाकांमधलं अंतर ११५ आणि १२७ इंच. लांबाचा आखूड करतात: चासीतून १२ इंच मधून कापायचे, बाकीचं मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागून. हातमोजे ठेवायच्या कप्प्याच्या झाकणावरचा कागदी लेबल वाचा. सी१०७३४ म्हणजे आखूड, सरळ बाजूंचा. सी१०७०४ आखूड पायरीचा. मधे ७च्या जागी ९ असेल तर लांब. लेबल गेला असेल तर चासीखाली आडवं होऊन सांधा शोधा. चासी क्रमांकावरून हौद्याची लांबी कळत नाही.

सोलापुरी चादर
हौद्याच्या तळाला ‘लाकडी फरशी’ लिहू का?

डिकी-बॉनेट
फरशी दगडाची. ‘तळाच्या फळ्या’ लिहा आणि त्यांच्यामधल्या लोखंडी पट्ट्यांना ‘पट्ट्या’च. चकचकीत वॉर्निश ही नंतरच्या हौशींची करामत, कारखान्यातून फळ्या रंगवून येत. चित्राखाली ‘मूळ स्वरूपातल्या फळ्या’ लिहिण्याआधी वॉर्निश आहे का ते बघा.