तुर्तुकला पाहुणे म्हणून जाताना कसे वागावे?

मुक्ता, नाशिक (प्रश्न)

नमस्कार. ऑगस्टमध्ये आम्ही नऊ जण लडाखला जात आहोत आणि नुब्रा खोऱ्यातील तुर्तुक येथे एका घरगुती निवासात दोन रात्री राहणार आहोत. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि दोन शाळकरी मुले आहेत. तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही बाल्टी लोकांची गावे डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या ताब्यातून भारताकडे आली आणि २०१० मध्ये तुर्तुक पर्यटकांसाठी खुले झाले, एवढे मी वाचले आहे. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे तेथील वयस्कर माणसांशी त्या दिवसांविषयी बोलावे असे मनापासून वाटते. परंतु माझ्या कुतूहलापायी कोणाच्या घरातले दुःख उकरले जाऊ नये, अशीही काळजी आहे. जे तेथे राहून आले आहेत त्यांनी कृपया सांगावे, काय विचारावे आणि काय टाळावे?

सागरवाट, दापोली

मुक्ताताई, मी तुर्तुकला दोनदा राहून आले आहे. पहिल्या खेपेस आमच्याच गटातील एका गृहस्थांनी जेवता जेवता घरमालकांना विचारले, "तुम्हाला तिकडे बरे वाटत होते की इकडे?" घरमालक चाळिशीच्या आतले, म्हणजे भारतातच जन्मलेले. त्यांनी गृहस्थांच्या ताटात आणखी भात वाढला, "और लीजिए" एवढेच म्हणाले आणि त्यानंतर जेवण संपेपर्यंत बोलले नाहीत. हा प्रश्न दर हंगामात, जवळजवळ प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या कोणा ना कोणाकडून ऐकावा लागतो, असे त्यांच्या पत्नीने मला नंतर चुलीपाशी सांगितले. ज्याच्या घरचे आपण जेवतो, त्याच्याकडे देशनिष्ठेचा दाखला मागू नये. मुलांनाही हे निघण्यापूर्वीच समजावून सांगा, कारण मुले मोठ्यांचेच प्रश्न उचलतात.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. कॅमेरा दिसताच तेथील स्त्रिया ओढणी पुढे ओढतात किंवा पाठ फिरवतात. तो नकारच असतो, आणि लांबून झूम करून फोटो काढल्याने त्या नकाराचा होकार होत नाही. मी पहिले दोन दिवस मोबाइल पिशवीतच ठेवला होता. तिसऱ्या दिवशी घरच्या आजींनी मला गच्चीवर बोलावून घेतले. गच्चीभर जर्दाळू वाळत होते. आजी एकेक फळ दोन अंगठ्यांनी उकलून पालथे मांडत होत्या आणि बिया वेगळ्या टोपलीत टाकत होत्या, कारण त्या बिया फोडून आतला गर खातात आणि त्याचे तेलही काढतात. आमच्याकडे मे महिन्यात रातांब्यांची सोले अशीच अंगणात पसरलेली असतात, हे मी मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले, तेव्हा त्या हसल्या आणि अर्धी टोपली माझ्यापुढे सरकवली. तासभर आम्ही दोघींनी मिळून जर्दाळू उकलले. त्या तासाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

यावरूनच आठवले : वाटेवर झुकलेल्या फांदीची फळे तोडू नका. त्या झाडाला मालक आहे आणि त्या फळांवर घराचा खर्च चालतो.

जुनी पोथी, पुणे

सागरवाट यांचे म्हणणे पटते, तरीही इतिहासाविषयी काहीच विचारू नये, असे मला वाटत नाही. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजोबांची खंत वेगळीच होती. येणारा प्रत्येक जण युद्धाच्या त्या एका रात्रीविषयी विचारतो. त्याआधीच्या कित्येक शतकांविषयी कोणीही विचारत नाही, असे ते म्हणाले. बाल्टी ही तिबेटी कुळातील भाषा असून आजच्या ल्हासाच्या बोलीत गळून गेलेले जुने उच्चार तिच्यात टिकून आहेत. गावातील बहुतेक लोक नूरबख्शी सूफी परंपरेचे मुसलमान आहेत. खप्लूवर (हे गाव आता नियंत्रण रेषेपलीकडे, पाकिस्तानच्या ताब्यात आहे) राज्य करणाऱ्या यब्गो घराण्याच्या वंशजांनी तुर्तुकमधील जुन्या वाड्यात छोटे संग्रहालय मांडले आहे. तेथे अवश्य जा आणि घाई न करता ऐका. इतिहासाच्या शिक्षिकेला विचारण्याजोगे पुष्कळ आहे.

युद्धाची गोष्ट मात्र त्यांनी काढली तरच निघावी. शिक्षणासाठी किंवा कामधंद्यासाठी स्कार्दू, लाहोर, कराचीकडे गेलेले पुरुष १९७१ मध्ये तिकडेच राहिले, आणि आईवडील, बायकामुले इकडे राहिली. खप्लू याच श्योक नदीच्या काठी, प्रवाहाच्या दिशेने पुढे आहे. तरी भावाला भेटायचे तर व्हिसा काढून पार पंजाबातील सीमेपर्यंत उतरावे लागे, आणि कित्येकांना तेही जमले नाही. माझ्या आजोबांनी (मी त्यांना आजोबाच म्हणत असे) तिसऱ्या संध्याकाळी आपणहून पत्र्याची पेटी उघडली आणि भावाचे एक उर्दू पत्र दाखवले. मला उर्दू वाचता येत नाही. त्यांनी ते वाचून दाखवले आणि घडी पूर्वीसारखीच घालून ठेवून दिले. पत्रातील मजकूर मी येथे लिहिणार नाही, कारण तो मला सांगितला होता, सर्वांना नव्हे.

थांगला गेलात तर नियंत्रण रेषेपलीकडचे गाव डोळ्यांनी दिसते. तेथे घोषणा देणारे गट मी पाहिले आहेत. जवळच उभ्या असलेल्या माणसाची सख्खी बहीण त्या पलीकडच्या घरांत असू शकते, हे ध्यानात ठेवून शांतपणे पाहावे.

घाटमाथा, सातारा

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. गावातून दगडी पाट वाहतात आणि त्यांचेच पाणी पुढे शेतात, घरांत जाते, तेव्हा त्यात साबण लावून हातपाय धुऊ नयेत. कोरडा संडास असेल तर त्यात प्लास्टिक किंवा सॅनिटरी पॅड टाकू नये, कारण ते खत पुढे शेतात पडते. असा कचरा लेहपर्यंत परत आणावा. मद्य सोबत नेऊ नये, आणि नियंत्रण रेषा जवळ असल्याने ड्रोनचा विचारही करू नये.

पैशाचेही बोलले पाहिजे. नुब्रातल्याच हुंदर गावाहून दुपारी येऊन तीन तासांत परतणाऱ्या गाड्यांमुळे गावाच्या वाट्याला गर्दी आणि रिकाम्या बाटल्याच अधिक येतात. तुम्ही दोन रात्री राहणार आहात, हे फार चांगले केलेत. वाळवलेले जर्दाळू त्याच घरातून विकत घ्या आणि भावात घासाघीस करू नका. तसेच रस्त्यात भेटणाऱ्या मुलांना चॉकलेटे वाटू नका. त्यामुळे मुले गाड्यांमागे धावू लागतात.

मुक्ता, नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. युद्धाचे प्रश्न वहीतून काढून टाकले आहेत आणि दोनऐवजी तीन रात्री राहण्याविषयी घरमालकांशी आजच बोलले. एकच शंका उरली आहे. यजमानांसाठी घरून काय न्यावे? सासूबाई चिवडा आणि लाडू म्हणत आहेत.

सागरवाट, दापोली

लाडू जरूर न्या, सासूबाईंनी स्वतः केलेले असतील तर फारच उत्तम. मी दुसऱ्या खेपेस आमसुले नेली होती. आजींनी एक तोंडात टाकले, आंबट लागताच डोळे मिटले, मग उरलेली फडक्यात बांधून घरामागच्या नांगचुंगमध्ये ठेवली. नांगचुंग म्हणजे दगडांच्या फटींतून डोंगराचा गार वारा आत येणारी खोली, जिथे लोणी आणि दूध उन्हाळाभर टिकते. तुम्ही त्याच घरी उतरणार असाल, तर आजींना जिना चढवत नाही आता, तेव्हा सासूबाईंना त्यांच्यापाशी खालीच बसू द्या. भाषा न येताही दोघींचे उत्तम जमेल.