शांताल म्हणजे ‘गाणं’? कोणी सांगितलं!

किरकिरा
मुलींच्या फ्रेंच नावांची ती यादी इथे कोणीतरी डकवली आहे. त्यात ‘शांताल : गाणं, सुरेल’. डोक्यातच गेलं. अहो, हे मुळात जहागिरीचं नाव. दिजाँची झान फ्रेमियो, जन्म १५७२, पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या शांतालच्या बॅरनला दिली. शिकारीत गोळी लागून नवरा गेला. पुढे १६१० मध्ये तिने फ्रान्स्वा द साल यांच्यासोबत आनसीला जोगिणींचा संघ काढला. १७६७ मध्ये संतपद मिळालं ते ‘झान द शांताल’ म्हणून, आणि त्यातलं शेपूट पोरींना लागलं. जागेच्या नावाचं मूळ ऑक्सितानमधल्या (दक्षिण फ्रान्सची भाषा) ‘कांताल’शी जोडतात, म्हणजे दगड. गाणं आलं कुठून?

मृदुला_के
बर्गंडीत ऑक्सितान कधीपासून बोलायला लागले? आणि ‘शां’ म्हटलं की फ्रेंच कानाला गाणंच ऐकू येतं. १९५०च्या आसपास तिकडे शांतालांचं पीक आलं होतं, त्या आयांनी काय दगड मनात धरून बारसं केलं?

किरकिरा
गावांची नावं बोलीपेक्षा जुनी असू शकतात. आणि मनात काय धरायचं हे आयांच्या हातात होतं कुठे? १८०३चा कायदा होता : कॅलेंडरातली नाहीतर प्राचीन इतिहासातली नावंच चालणार. हिच्या पाठीशी संतीण होती.

सह्याद्रीचा_वारा
होयसळांची राणी शांतला, बारावं शतक. नाव इथूनच गेलं. पण गोऱ्यांचं म्हटलं की आपले लोक लोटांगण घालणार.

मृदुला_के
गेलं कशातून? वास्को द गामा उलटा आला होता का?

बापू_नाना
कायद्यावरून आठवलं. आमच्या नगरपालिकेने नातीच्या दाखल्यावर ‘ईरा’चं ‘हिरा’ केलं. दुरुस्तीला गेलो तर प्रतिज्ञापत्र आणा, साहेब रजेवर, शेवटी म्हणे गॅझेट करा. फ्रान्समध्ये १९९३ पासून हवं ते नाव ठेवा, पण मुलीच्या हिताआड आलं तर निबंधक सरकारी वकिलाला कळवतो. वालँसिएनच्या कोर्टाने एका मुलीचं ‘नुटेला’ रद्द करून ‘एला’ केलं, निकाल २०१५ मध्ये गाजला. आमच्या बाबूला ईरा आणि हिरा एकच.

खडूस_काकू
मृदुला, दगड एवढा बोचतो? आमच्या सासऱ्यांचं नाव दगडू. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. धोंडू, केरबा त्यातलेच. ते तर ऐंशी पार करून गेले.

मृदुला_के
काकू, मी त्यांना कुठे काय म्हटलं?

खडूस_काकू
वर ‘काय दगड मनात धरून’ हे माझ्या सुनेने लिहिलं का? तिनेही मुलीचं नाव साइटवरूनच काढलं. तीन साइटवर तीन अर्थ, तिने त्यातला गोड तेवढा उचलला.

किरकिरा
काकूंना शंभर मोदक.

मृदुला_के
बरं बाबा, दगड. खूश? माझा भाऊ जर्मनीत असतो. तिथे शांताल नाव ऐकून लोक फिदीफिदी हसतात, खालच्या थरातलं नाव समजतात. जा, त्यांना तुमची संतीण समजावून सांगा.

सह्याद्रीचा_वारा
राणी शांतलाबद्दल अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही. नोंद घेतली आहे.

बापू_नाना
गॅझेटचा अर्ज ऑनलाइन भरलेलं कोणी आहे का इथे? व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.