सल्ला हवा: वय ३६, वजन बेताचं, तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २३८

कोयनाकाठ:
कराडहून लिहितोय. गेल्या महिन्यात थोरल्या भावाला अटॅक आला, वय ४१. स्टेंट टाकलाय, आता बरा आहे. बाबा ४८व्या वर्षी असेच गेले. म्हणून मीही रक्त तपासलं. एलडीएल २३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) १२०. वजन ६२ किलो, कसलं व्यसन नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, सहा महिने तूप-शेंगदाणे बंद, मग बघू. आई अर्जुनसालीचा काढा घेऊन मागे लागलीय. थांबू का? दाखवू कुणाला? आणि मुलगी ९ वर्षांची आहे, तिचं काय?

फोडणीविना:
थांबू नका हो. माझं २६० होतं. दोन वर्षं बायको तव्याला ब्रशने तेल लावत होती, आलं कितीवर? २४१. गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत १३०. त्या दोन वर्षांतल्या बेचव भाज्यांचा राग अजून गेलेला नाही.

काचपट्टी:
लॅबमध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहिते. एलडीएल १९०च्या वर आणि घरात पंचावन्नच्या आत पुरुषाला अटॅक, म्हटल्यावर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा, म्हणजे 'एफएच'चा संशय घ्यायचाच. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. त्यांचं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून सदोष आलं की उपसा कमी पडतो, तोही जन्मापासून. म्हणजे तुमच्या रक्तवाहिन्या ३६ वर्षं हे सोसताहेत. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधले, १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. दुखणं दुर्मिळ नाही, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतं.
आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन बघून घ्या, थायरॉइड-किडनीमुळेही एलडीएल चढतं. लिपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची तपासणी, एकदाच करा, तेही वारशानेच येतं. भावाचा दाखल झाल्या दिवशीचा रिपोर्ट शोधा. अटॅकनंतर काही आठवडे आकडा खाली दिसतो आणि लोक फसतात.
बाबांच्या टाचेमागच्या जाड शिरेवर (टेंडनवर) गाठ होती का? बुबुळाभोवती पांढरी कड? या एफएचच्या खुणा असतात.

दोनलेकी:
दादा, लिपिड (कोलेस्टेरॉलचं) क्लिनिक चालवणारे हृदयरोगतज्ज्ञ मिळाले तर उत्तम, नाहीतर एंडोक्राइनोलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ). आधी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, ती पुरली नाही तर जोडीला एझेटिमाइब ही दुसरी गोळी, त्यापुढे इंजेक्शनं. इंजेक्शनं महाग आहेत, पण बहुतेकांवर ती वेळ येत नाही. जनुक चाचणीसाठी गोळी अडवून ठेवू नका.
तुम्हाला एफएच असेल तर लेकीला ते असण्याची शक्यता निम्मी. आत्ताच तपासा. माझ्या धाकटीचं निदान नवव्या वर्षी झालं, दहाव्या वर्षी गोळी सुरू झाली. आज ती कबड्डी खेळते. पुढे बाळाचा विचार करताना डॉक्टरांशी आधी बोलायचं आणि गोळी थांबवायची, हे मात्र तिच्या डोक्यात आतापासून घालतेय.
काढ्याचं डॉक्टरांना सांगा. गोळीच्या जागी तो नको, एवढंच.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार. आईला विचारलं. बाबांच्या दोन्ही टाचांमागे गाठी होत्या. आम्ही चपलेच्या पट्ट्याने घट्टे पडलेत समजायचो, मीच तेल चोळून द्यायचो. भावाच्याही आहेत, काल बघितलं. सातारच्या आत्येलाही फोन केलाय.
लेकीची तपासणी शनिवारी. उपाशी न्यायची का?

काचपट्टी:
पहिल्या तपासणीला गरज नाही. पोहे खाऊ घालून न्या. ट्रायग्लिसराइड फारच जास्त आलं तर उपाशीपोटी पुन्हा करू.