गोबरगॅसला शौचालय आधी जोडायचं की नंतर?

गवंडीकाम:
गावात पहिल्याच दिवशी शौचालय जोडू नये. 2 घनमीटरच्या दीनबंधूला (घुमटाच्या पक्क्या गोबरगॅस संयंत्राला) रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पाच माणसांच्या मैल्याचा गॅस जेमतेम 0.15 घनमीटर. तेवढ्यासाठी "यावर नैवेद्य शिजणार नाही" असं सासूबाई म्हणाल्या, की शेगडी कोपऱ्यात जाते. वर्षभर निव्वळ शेणावर भाकऱ्या होऊ द्या, मग विचारा.

मैलागॅसवाला:
नंतर म्हणजे टाकीतला सगळा काला (शेण-पाण्याचा रबडा) उपसून भिंत फोडायची. नाहीतर दुसरा पाइप बांधतानाच बसवून तोंड बंद ठेवायचं. तो कशाचा, हे घरची बाई विचारणारच. त्यापेक्षा आधीच सांगा. आणि गॅससाठी जोडतंय कोण? सेप्टिक टाकीत उतरायला कोणाला बोलावतात ते ठाऊक आहे ना? देहूत डॉ. मापुसकरांनी शौचालयं गोबरगॅसला जोडण्याचं हे काम उघडपणे केलं, तुकोबांच्या गावात!

गवंडीकाम:
डॉक्टर गावात राहून समजावत होते. ठेकेदार आठवड्यात गायब. शिवाय सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. पेटत नाही, नुसता वास मारतो. नेमका त्याच दिवशी उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि वासाचं खापर संडासावर! पहिला गॅस मोकळ्यावर सोडून द्या, ज्योत निळी झाल्यावरच माणसं बोलवा.

उकिरडा:
दोघेही शेगडीपाशीच अडलात. खरं घोडं पेंड खातं ते बाहेर पडणाऱ्या काल्यावर. शेणकाला बाया हाताने उचलतात. मैला मिसळला की त्याला कोणी शिवत नाही, आणि ते काम गावकुसाबाहेरच्या माणसाच्या गळ्यात पडतं. मग सेप्टिक टाकी काय वाईट होती? गोबरगॅसच्या टाकीतल्या 40 दिवसांत जंतांची सगळी अंडी मरतही नाहीत. म्हणून काला उताराने थेट खड्ड्यात न्या. खड्डे दोन, आलटून पालटून; वर पालापाचोळा. भरलेला खड्डा वर्षभर मुरू द्या. तरीही मेथी-कोथिंबिरीला ते खत नको. आणि संडासात फिनेल, ॲसिड ओतू नका. गॅस करणारे जिवाणूच मरतात.

गवंडीकाम:
गावठाणात दोन घरांत हातभर बोळ. खड्डे खणायचे कुठे?

उकिरडा:
तिथे जोडूच नका. आज नाही, वर्षानेही नाही.

मैलागॅसवाला:
मग चार घरांनी मिळून परड्यात बांधा. पण ती चार घरं एका भावकीतली नसली तर काय होतं, तेही इथेच बोलू.