जीपीजी: मास्टर चावी लॅपटॉपवर ठेवावी का, आणि बॅकअप नक्की कशाचा घ्यायचा?

जुनी_किल्ली:
माझ्याकडे जीपीजीची (फाइलींवर सही आणि मेल एन्क्रिप्ट करायची पद्धत, प्रोग्राम जीएनयूपीजी) आरएसए ४०९६ बिटांची खाजगी-पब्लिक चाव्यांची जोडी आहे. रिलीझच्या फाइलींवर सही करायला आणि एन्क्रिप्टेड मेल उघडायला तीच वापरात आहे. आता लॅपटॉप बदलायचाय. जीएनयूपीजीचं अख्खं फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकलं तर चालेल का? रिव्होकेशन सर्टिफिकेट (चावी रद्द झाल्याचं जाहीर करणारी फाइल) कधी बनवलेलं नाही.

टर्मिनलवासी:
(‘की’ लिहिलं की वाक्याचा घोळ होतो, म्हणून चावीच लिहितो.)

चालेल, पण मग मास्टर चावीही (तुमची ओळख ठरवणारी मुख्य चावी) रोजच्या मशीनवर जाते. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या जोडीत मास्टर चावीच सही करते आणि नव्या उपचाव्यांना (तिला जोडलेल्या, एकेका कामाच्या चाव्यांना) प्रमाणितही करते. एन्क्रिप्शनची तेवढी उपचावी वेगळी असते. म्हणजे लॅपटॉप गेला तर तुमची ओळखच गेली.

आधी ‘एडिट-की’ कमांडमध्ये जाऊन ‘अ‍ॅड-की’ने फक्त सहीसाठी एक उपचावी जोडा, मुदत १ वर्ष. ‘सेव्ह’ करायला विसरू नका. मग ‘एक्स्पोर्ट-सीक्रेट-कीज’ने सगळं एका फाइलीत आणि ‘एक्स्पोर्ट-सीक्रेट-सबकीज’ने फक्त उपचाव्या दुसऱ्या फाइलीत काढा. पहिली फाइल २ एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या जागी. नव्या लॅपटॉपवर फक्त दुसरी फाइल इम्पोर्ट करा. खाजगी चाव्यांच्या यादीत ‘सेक’ला (मास्टरच्या ओळीला) चिकटून # दिसला, तर मास्टर तिथे नाही.

जुन्या मशीनवरून काही पुसण्याआधी बॅकअप तपासा: ७०० परवानगीचं (फक्त तुम्हालाच उघडणारं) रिकामं फोल्डर ‘होमडिर’ (जीएनयूपीजीचं घरचं फोल्डर) म्हणून द्या, त्यात पहिली फाइल इम्पोर्ट करा, एक सही करून पाहा, एक जुनी मेल उघडून पाहा. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीला चावीचा तोच पासफ्रेज (लांब पासवर्ड) लागतो. तो विसरलात तर दोन्ही पेनड्राइव्ह शोभेला.

आणि पब्लिक चावी पुन्हा प्रसिद्ध करा. नाहीतर समोरच्याकडे नवी उपचावी नसते आणि तुमची सही तपासताना ‘पब्लिक चावी नाही’ एवढंच येतं. लोक मग सही खोटी समजतात.

हेक्स_चाळीस:
वरचं बरोबर. रिव्होकेशनचं मात्र राहिलं. जीएनयूपीजी २.१ पासून चावी बनतानाच सर्टिफिकेट आपोआप तयार होतं. घरच्या फोल्डरात ‘ओपनपीजीपी-रेव्होक्स’ नावाचं उपफोल्डर असतं, त्यात बघा. फाइलीतल्या पाच डॅशच्या आधी मुद्दाम एक : टाकलेला असतो, चुकून इम्पोर्ट होऊ नये म्हणून. वापरायची वेळ आलीच तर तो काढावा लागतो. फाइल नसेल तर ‘जेन-रिव्होक’ने आत्ता बनवता येते, फक्त मास्टर हाताशी हवी. सर्टिफिकेटची ही फाइल छापून कागदावरच ठेवा. ज्याच्या हाती पडेल तो तुमची चावी रद्द करू शकतो, पण तुमच्या मेल वाचू शकत नाही.

एन्क्रिप्शनच्या उपचावीची मुदत संपली म्हणून ती डिलीट करू नका. जुन्या मेल तिच्याशिवाय उघडणार नाहीत. सहीची उपचावी हरवली तर नवी बनते, हिचं तसं नाही.

स्मार्टकार्डवर (चाव्या आत ठेवणारं चिपचं कार्ड) जाणार असाल तर ‘की-टू-कार्ड’ कमांड चावी कॉपी करत नाही, हलवते. ‘सेव्ह’ केलंत की डिस्कवर फक्त खुणेची नोंद उरते आणि कार्डातून चावी परत निघत नाही. म्हणून बॅकअप आधी. बहुतेक कार्डांचा मूळ पिन १२३४५६ आणि अ‍ॅडमिन पिन १२३४५६७८ असतो, दोन्ही बदला. ३ चुकीच्या प्रयत्नांत पिन अडकतो. अ‍ॅडमिनही अडकला तर कार्ड रीसेट, आतल्या चाव्या गेल्या.

चावी कुणाला कळवताना पूर्ण ४० अंकी फिंगरप्रिंट (चावीची ओळखखूण) द्या. ८ अंकी आयडी जुळणारी खोटी चावी बनवणं फार सोपं आहे.

जुनी_किल्ली:
# दिसला, सहीही होते. पण नव्या मशीनवर स्वतःच्याच नावापुढे ‘अननोन’ येतंय. काही चुकलं का?

टर्मिनलवासी:
नाही. ट्रस्ट (कुठल्या चावीवर किती विश्वास ही तुमची नोंद) चावीसोबत एक्स्पोर्ट होत नाही. ‘एडिट-की’त जाऊन ‘ट्रस्ट’, मग ५ (सर्वोच्च विश्वास). हे फक्त स्वतःच्या चावीला; दुसऱ्या कुणाच्या चावीला ५ देऊ नका.