प्रतिसाद : स्ट्रीट साउंड्सचे 'इलेक्ट्रो'

वर एकांनी लिहिलंय की 'स्ट्रीट साउंड्स इलेक्ट्रो'च्या (इलेक्ट्रो म्हणजे ड्रम-मशीन आणि सिंथेसायझरवरचं नाचाचं संगीत) तबकड्यांवर गाणी एकमेकांत मिसळलेली असल्याने तो संग्रह अपुरा वाटतो, गाणी मूळ लांबीची हवीत. मला नेमकं तेच त्याचं बलस्थान वाटतं. १९८३ मध्ये मॉर्गन खान यांनी लंडनमधून ही मालिका सुरू केली. तेव्हा न्यूयॉर्कची एखाद-दोन गाण्यांची बारा-इंची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आयात होऊन यायची आणि शाळकरी पोरांच्या खिशाला अजिबात परवडायची नाही. एका एलपीत अशी बरीच गाणी मिळायची, शिवाय मास्टरमाइंड या डीजे-गटातल्या हर्बीने ती अखंड जोडलेली. म्हणजे डीजे दोन टर्नटेबलांवर काय करतो, तेही घरबसल्या कानावर पडायचं! ब्रिटनमधल्या कितीतरी ब्रेकडान्सरांनी याच तबकड्यांवर सराव केला.

या संगीताचा पाया मात्र आफ्रिका बंबाटाच्या १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यामध्ये. त्यातली क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची धून सॅम्पल केलेली (मूळ रेकॉर्डवरून उचललेली) नाही, जॉन रोबीने ती कीबोर्डवर नव्याने वाजवली. खाली रोलँड टीआर-८०८ या ड्रम-मशीनचा तो खोल, लांबत जाणारा ठोका. खऱ्या ड्रमसारखा आवाज येत नाही म्हणून अनेकांनी नाकं मुरडलेलं हे यंत्र. (त्याच सुमारास मुंबईत चरणजीत सिंग यांनी ८०८ च्या ठेक्यावर राग बसवले होते, तेही जरूर ऐका.)

मूळ लांबीची गाणी हवीत ही तुमची मागणी रास्त आहे, ती स्वतंत्रपणे मिळतातही. पण हशीम या कलाकाराचं 'अल-नाफियश' हे इलेक्ट्रो गाणं आधी मिक्समध्ये ऐका, मग सुटं.